कडी आतून की बाहेरून?

मढचा पत्ता सांगताना आधी कल्याण-नगर रस्ता सांगावा लागतो. ओतूर मागे टाकून माळशेज घाटाकडे निघाले की पिंपळगाव जोगा धरणाचे पाणी दिसू लागते. त्या पाण्याच्या आसपास मढ, पारगाव, करंजाळे, खुबी अशी गावे आहेत. इथली तरणी माणसे दोन वाटांनी बाहेर पडली. काही घाट उतरून कल्याण, मुंबई आणि वाशीच्या बाजारात गेली, तर काही नारायणगावमार्गे चाकण आणि पुण्याला. यात्रेला आणि दिवाळीला घरे भरतात, एरवी घरात म्हातारी माणसे असतात. जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात हेच चित्र आहे.

वृद्धाश्रमांवर सरकारची नजर किती आणि कशी असते, हे समजून घेताना मी मढपासून सुरुवात करतो, कारण इथून अंतरे नीट मोजता येतात. मढच्या एखाद्या म्हातारीला पोटच्या मुलाकडून पोटगी मागायची असेल, तर तिचे न्यायाधिकरण मंचरला आहे. जुन्नर आणि आंबेगावचे उपविभागीय अधिकारी तिथे बसतात. ओतूर, नारायणगाव ओलांडून तिला तिथवर जावे लागते. तिला एखाद्या वृद्धाश्रमात ठेवले आणि तिथे तिची आबाळ झाली, तर दाद मागायची जागा म्हणजे समाजकल्याण खात्याचे सहायक आयुक्त. त्यांचे कार्यालय पुण्यात विश्रांतवाडीला, शंभरेक किलोमीटरवर. तिच्या बाजूने नियम करायचा तो मुंबईत मंत्रालयात होणार आणि कायदा दुरुस्त व्हायचा तो दिल्लीत. या सगळ्या वाटेवर तिच्या खोलीचे दार वाजवून आत येणे आणि तिला बघून जाणे हे नेमके कोणाचे काम आहे, हा माझा प्रश्न आहे.

कायदा आहे. 'आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचे पालनपोषण व कल्याण अधिनियम' २००७ साली संसदेने केला आणि महाराष्ट्रात तो १ मार्च २००९ पासून लागू झाला. राज्याचे नियम २०१० मध्ये आले. लोकांना या कायद्यातली पोटगी तेवढी ठाऊक असते: दरमहा जास्तीत जास्त दहा हजार रुपये, तेही अर्ज करून. जमीन किंवा घर मुलाच्या नावे करून दिले आणि नंतर त्याने सांभाळले नाही, तर ते हस्तांतर रद्द करता येते, हे कलम २३ ही हल्ली बऱ्यापैकी माहीत झाले आहे. त्यातली अट मात्र कमी लोकांना माहीत असते. सांभाळ करण्याच्या अटीवरच मिळकत दिली होती, हे दिसावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये ही अट कडकपणे वाचली, जानेवारी २०२५ मध्ये वृद्धांच्या बाजूने जरा उदारपणे. सातबाऱ्यावरचे नाव बदलण्याआधी बक्षीसपत्रात सांभाळाची अट स्वच्छ शब्दांत लिहून घ्या, एवढे मी इथेच सांगून ठेवतो. आपल्याकडे जमिनीचा निकाल लागला की म्हाताऱ्या माणसाचाही लागतो.

वृद्धाश्रमांविषयी या कायद्यात एक कलम आहे, १९ वे. राज्य सरकारने दर जिल्ह्यात किमान एक, दीडशे निराधार वृद्ध राहू शकतील असा आश्रम काढावा आणि त्याचे दर्जे ठरवावेत, असे ते म्हणते. तिथेही शब्द 'काढू शकेल' या अंगाचा आहे, 'काढलाच पाहिजे' असा नाही. केंद्राने राज्यांना जे नमुना नियम पाठवले, त्यांत हे दर्जे बारकाईने दिले आहेत. झोपण्याच्या खोलीत माणशी साडेसात चौरस मीटर जागा हवी. स्वयंपाकघर, जेवणाची खोली, दवाखान्याची खोली धरून माणशी बारा चौरस मीटर. कोणी विचारपूर्वक लिहिलेले नियम आहेत, यात शंका नाही. पण ते आहेत निराधारांसाठीच्या सरकारी आश्रमांना. एखाद्या बंगल्यात वीस खाटा टाकून दरमहा पैसे घेणाऱ्याला सक्तीने नोंदणी करायला लावणारे आणि ती न केल्यास शिक्षा सांगणारे कलम २००७ च्या कायद्यात नाही.

हे किती विचित्र आहे, ते मुलांच्या कायद्याशेजारी ठेवले की कळते. २०१५ चा बाल न्याय कायदा सांगतो की काळजीची गरज असलेली मुले ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेने नोंदणी केलीच पाहिजे, तिला सरकारी अनुदान असो वा नसो. न केल्यास चालकाला एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. तपासणी समितीने दर तीन महिन्यांतून एकदा तरी संस्थेत गेले पाहिजे. समितीत कमीत कमी तीन माणसे, त्यांत एक स्त्री आणि एक वैद्यकीय अधिकारी हवेत, आणि अहवाल आठवड्याच्या आत द्यायचा. हे सगळे नेहमी पाळले जाते असे मी म्हणत नाही. बालगृहांतली प्रकरणे आपण वाचलेली आहेत. पण तिथे न जाणारा अधिकारी कायदा मोडत असतो. वृद्धाश्रमात न जाणारा अधिकारी काहीच मोडत नसतो. सहा वर्षांचे मूल आणि नव्वदीतली, स्मृती गेलेली बाई, दोघेही आपल्यावर काय गुदरले ते धड सांगू शकत नाहीत. मग एकासाठी कायद्याने दार उघडायचे आणि दुसरीसाठी नाही, याला मला तरी कोणतेही कारण सापडत नाही.

ही त्रुटी दिल्लीला ठाऊक आहे. डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉ. अश्वनीकुमार यांच्या याचिकेवर निकाल देताना दर जिल्ह्यात किती वृद्धाश्रम आहेत याची माहिती गोळा करण्याचे आदेश दिले. कायदा होऊन अकरा वर्षे झाली, तेव्हा आपण मोजणीपाशी होतो. पुढच्या वर्षी, ११ डिसेंबर २०१९ रोजी, केंद्राने दुरुस्ती विधेयक लोकसभेत मांडले. त्यात वृद्धांच्या निवासांची नोंदणी होती, किमान दर्जे होते, घरी येऊन शुश्रूषा करणाऱ्या एजन्सींची नोंदणीही होती. विधेयक संसदेच्या स्थायी समितीकडे गेले, समितीचा अहवाल आला, आणि २०२४ मध्ये सतरावी लोकसभा संपली तेव्हा मंजूर न झालेले ते विधेयकही संपले.

म्हणजे देखरेख मुळीच नाही का? आहे, पण ज्याच्या त्याच्या खिडकीपुरती. आश्रम चालवणारी संस्था न्यास असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे तिचे हिशेब जातात. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे अग्निरोधक यंत्रणा चालू असल्याचा दाखला जानेवारी आणि जुलैत द्यायचा असतो. खाटांवर वैद्यकीय उपचार होत असतील तर शुश्रूषागृह नोंदणीचा १९४९ चा कायदा आहे. केंद्राचे किंवा राज्याचे अनुदान हवे असेल तर समाजकल्याण खात्याची माणसे येऊन पाहून जातात. आणि ज्येष्ठांसाठी म्हणून सदनिका बांधून विकणाऱ्या बिल्डरांना महारेराने २०२४ मध्ये नियम घालून दिले: दार किमान नऊशे मिलिमीटर रुंद, म्हणजे चाकाची खुर्ची आत जावी, मजला चढायचा असेल तर लिफ्ट. चांगला नियम आहे. तो सदनिका विकण्याला लागू होतो. त्या नऊशे मिलिमीटरच्या दारातून खुर्ची ढकलणारी बाई दिवसाचे किती तास उभी असते, हे महारेराच्या कक्षेत येत नाही.

यांतला प्रत्येक अधिकारी पैसा तपासतो, नाहीतर इमारत. देखरेख अनुदानामागून जाते. जिथे सरकारचा पैसा नाही तिथे सरकारची नजरही नाही, अशी आपली रीत पडली आहे. पण घोर लावणारी जागा नेमकी तीच असते. मोठ्या, जुन्या, नावाजलेल्या संस्थांत देणगीदार, विश्वस्त, स्वयंसेवक, वाढदिवस साजरे करायला येणारी मंडळी अशी वर्दळ असते. आडबाजूच्या आश्रमात महिन्याचे पैसे ऑनलाइन येतात, माणूस येत नाही.

आणि हे आश्रम गावाकडेच सरकत आहेत. शहरात जागा परवडत नाही. गावाबाहेर रस्त्यालगत चार गुंठ्यांत किंवा एखाद्या बंद पडलेल्या फार्महाऊसमध्ये काम भागते, हवा चांगली, डोंगर दिसतो, जाहिरातीत पाण्याचा फोटो टाकता येतो. जुन्नर तालुक्याला तर धरणांचे पाणी आणि किल्ल्यांचे डोंगर दोन्ही आहेत. अशा आश्रमाची इमारत ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये चढते, घरपट्टी बसते. आतली माणसे कशातच चढत नाहीत. त्यांची मतदार नोंद मुंबईला, रेशनकार्ड पुण्याला. गावाला ती परकी आणि त्यांना गाव परके. पलीकडच्या बांधावर कांदा काढणाऱ्यांना आत पंधरा म्हातारी माणसे आहेत हे ठाऊक असते, पण त्यातली चार या पावसाळ्यात गेली हे ठाऊक नसते.

घाट उतरून गेले की पलीकडे कल्याणच्या बाजूला खडवली आहे. तिथल्या मातोश्री वृद्धाश्रमात नोव्हेंबर २०२१ मध्ये एक जण आजारी पडला, मग सगळ्यांच्या चाचण्या झाल्या आणि साठांहून अधिक जण करोनाबाधित निघाले. बहुतेकांचे लसीचे दोन्ही डोस झालेले होते. आरोग्य यंत्रणा आत गेली, बाधितांना ठाण्याच्या जिल्हा रुग्णालयात हलवले. मातोश्री ही १९९५ पासूनची, युती सरकारच्या काळातली योजना. नाव माहीत, पत्ता माहीत, म्हणून यंत्रणेला तिथे जाता आले. ज्या घराची कुठेच नोंद नाही तिथे तापाची साथ आली, तर मढच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला ते कळणार कसे? बहुधा मृत्यूचा दाखला लिहिण्यासाठी कोणी डॉक्टर शोधत आले, म्हणजे.

नोंद नसलेल्या घरात काय होऊ शकते, हे जून २०२५ मध्ये दिसले. नोएडाच्या सेक्टर ५५ मधल्या एका वृद्धाश्रमात हात बांधलेल्या वृद्ध बाईचा व्हिडिओ पसरला, मग उत्तर प्रदेश महिला आयोगाने तिथे छापा घातला. कोंडलेली माणसे सापडली. देशाच्या राजधानीला चिकटलेल्या, पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरातली ही गोष्ट. दारामागचे चित्र बाहेर आले ते कोणाच्या तरी मोबाईलमुळे, तपासणीमुळे नाही.

तपासणी म्हणजे काय, याची आपली कल्पनाही तपासून पाहिली पाहिजे. साहेब येणार असे आदल्या दिवशी कळते. चादरी बदलतात, फरशी फिनेलने पुसली जाते, चहा-पोहे होतात, भेट-पुस्तकात 'व्यवस्था समाधानकारक आढळली' असे लिहून सही होते. ज्याला खरेच बघायचे आहे त्याने रात्री दहाला जावे. तीस माणसांमागे त्या वेळी एकच बाई जागी असेल, तर दुपारच्या सहा जणींच्या हजेरीला काही अर्थ नाही. मग एकेका खोलीचे दार बघावे. कडी आतून आहे की बाहेरून? बाहेरून असेल तर ती कोण, केव्हा लावते आणि आग लागली तर कोण काढणार? २०२३ च्या पहिल्याच दिवशी पहाटे दिल्लीत ग्रेटर कैलासमध्ये वृद्धांच्या निवासाला आग लागून दोन वृद्ध स्त्रिया गेल्या. म्हातारे माणूस पळू शकत नाही, हे आगीला माहीत नसते.

खोलीत गेल्यावर पाण्याचा तांब्या हाताच्या टप्प्यात आहे का ते बघावे. अनेक ठिकाणी संध्याकाळनंतर पाणी मुद्दाम कमी देतात, रात्री उठवावे लागू नये म्हणून. जिभेवरून ते कळते, कोरडी पडलेली असते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कुशीवर वळवायला सांगावे आणि माकडहाड, खुबा आणि टाचा पाहाव्यात. दर दोन तासांनी कूस बदलली जात असेल तर कातडी शाबूत राहते, नसेल तर आधी लाल होते, मग फाटते, मग हाडापर्यंत जाते. त्या जखमेची खोली कुठल्याही रजिस्टरपेक्षा खरे सांगते. रजिस्टरही पाहावे, पण त्यात काय लिहिले आहे यापेक्षा कसे लिहिले आहे ते. महिनाभराच्या औषधांच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच हाताने, एकाच बैठकीत भरलेल्या असल्या की डोळ्याला कळते. झोपेच्या गोळ्या कोणाला चालू आहेत आणि कोणत्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर, ते विचारावे. दात नसलेल्याला भाकरी कुस्करून देतात की ताट तसेच परत जाते, हे जेवणाच्या वेळी उभे राहून बघावे. पायाची नखे बघावीत. माणसाचा मोबाईल, पासबुक आणि एटीएम कार्ड कोणाच्या कपाटात आहे, ते विचारावे.

आणि शेवटी व्यवस्थापकाला बाहेर जायला सांगून त्या माणसाजवळ बसावे. पाच मिनिटांत कोणी बोलत नाही. पहिल्यांदा सगळे 'बरंय बाबा, चांगलं करत्यात' म्हणतात, कारण साहेब निघून जाणार आणि आपल्याला इथेच राहायचे असते. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत बोलतात. म्हणून तोच अधिकारी, तीच समाजसेविका पुन्हा पुन्हा जाणे याला किंमत आहे. २०१७-१८ मध्ये देशभर झालेल्या वार्धक्यविषयक पाहणीत शंभरातल्या पाचेक वृद्धांनी गेल्या वर्षभरात दुर्वर्तन सोसल्याचे सांगितले. पाहणी करणाऱ्या अनोळखी माणसाला सांगितले ते एवढे.

इंग्लंडात हे काम करणारी स्वतंत्र संस्था आहे, केअर क्वालिटी कमिशन. २००९ पासून ती वृद्धनिवासांना परवाना देते, तपासते आणि २०१४ पासून चार श्रेणींत बसवते: उत्कृष्ट, चांगले, सुधारणा हवी, अपुरे. ही श्रेणी निवासाने दर्शनी भागात लावलीच पाहिजे, हा तिथला नियम आहे. मुलगी आईला घेऊन दारात उभी राहते तेव्हा ती तिला वाचता येते. मला हा भाग फार मोलाचा वाटतो. अहवाल फायलीत गेला तर तो अधिकाऱ्यांचा, दारावर लागला तर तो लोकांचा. पण त्याच संस्थेची २०२४ मध्ये सरकारने चौकशी करवली, तेव्हा डॉ. पेनी डॅश यांच्या अहवालात निघाले की तपासण्या घटल्या आहेत आणि कित्येक ठिकाणांना कधी श्रेणीच मिळालेली नाही. म्हणजे कायदा करून भागत नाही, तपासणाऱ्यांवरही कोणीतरी डोळा ठेवावा लागतो. आपल्याकडे केरळात अनाथालये आणि धर्मादाय निवासांसाठी नियंत्रण मंडळ आहे आणि वृद्धाश्रमांची नोंदणी त्याच्याकडे होते. ते जमू शकते, एवढे त्यातून नक्की कळते.

आश्रम चालवणाऱ्या भल्या माणसांचा यावर एक आक्षेप असतो आणि तो मी हलका मानत नाही. परवाना आला की इन्स्पेक्टर आला, इन्स्पेक्टर आला की पाकीट आले. पदरमोड करून दहा-बारा निराधारांना सांभाळणारे बंद पडतील आणि भपकेबाज इमारतवाले कागद पुरे करून सुटतील. ही भीती खरी आहे. नियम साडेसात चौरस मीटरपासून सुरू केले तर असेच होईल. म्हणून सुरुवात जागेपासून नको, माणसापासून हवी. नोंदणी फुकट आणि एका पानाची असावी: कोण राहते, नातलग कोण, डॉक्टर कोण, रात्री जागे कोण, गेल्या वर्षात किती जण दगावले. खोली लहान आहे म्हणून कोणाला टाळे लावू नये. पण टाचा सडलेल्या निघाल्या, कडी बाहेरून निघाली, तर त्याच दिवशी टाळे लागले पाहिजे आणि आतल्यांची दुसरीकडे सोय करण्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांची असली पाहिजे.

ही जबाबदारी नवी नाही, हे मला आवर्जून सांगायचे आहे. केंद्राच्या त्याच नमुना नियमांत जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या कर्तव्यांत जिल्ह्यातल्या वृद्धाश्रमांच्या कारभारावर देखरेख ठेवणे हे स्पष्ट लिहिले आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठी जिल्हा समिती असावी आणि तिने दर तिमाहीस बसावे, असेही आहे. पोलिसांविषयी तर त्याहून थेट लिहिले आहे: प्रत्येक पोलीस ठाण्याने आपल्या हद्दीत एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी ठेवायची आणि ठाण्याच्या माणसाने, जमल्यास एखाद्या समाजसेवकाला बरोबर घेऊन, महिन्यातून एकदा तरी त्यांच्या घरी जायचे. मढपुरते बोलायचे तर ते ठाणे ओतूरचे. नियम करण्याचा अधिकार २००७ च्या कायद्याने राज्यालाच दिला आहे, तेव्हा खाजगी आश्रमांसाठी दर्जे आणि भेटींचे वेळापत्रक ठरवायला महाराष्ट्राला पुढच्या विधेयकाची वाट पाहण्याचे कारण नाही.

सध्या आपले सरकार म्हाताऱ्या माणसाकडून एकच गोष्ट नेमाने मागते: हयातीचा दाखला. श्रावणबाळ योजनेचे महिना पंधराशे चालू राहावेत म्हणून तो द्यावा लागतो. माणूस जिवंत आहे का, हे यंत्रणा दरवर्षी विचारते आणि तिला ते विचारता येते. तलाठी, आशाताई, अंगणवाडीताई, आरोग्य केंद्रातली परिचारिका ही सगळी माणसे गावात आधीपासून आहेत. आशाताईला बाळंतिणीचे घर पाठ असते. तिच्या वहीत आणखी एक पान आणि तिच्या मानधनात त्याचे पैसे घातले, तर गावाच्या हद्दीतल्या आश्रमात महिन्यातून एकदा गावातलेच कोणी जाऊन येईल. मढच्या आरोग्य केंद्राचे डॉक्टर तिमाहीला जातील. विश्रांतवाडीहून गाडी येण्याची वाट पाहावी लागणार नाही.

तोवर जे हातात आहे ते असे. १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा फुकट मदत क्रमांक आहे आणि महाराष्ट्रात तो पुण्याचे जनसेवा फाउंडेशन चालवते. आश्रमात आई किंवा वडील असतील तर त्यांना तो पाठ करून द्या आणि भेटीला न कळवता जा, जेवणाच्या वेळी जा. गावात राहणाऱ्यांसाठी आणखी एक सोपी गोष्ट आहे. दर २६ जानेवारीला ग्रामसभा असते. आपल्या हद्दीत वृद्धाश्रम किंवा पैसे घेऊन म्हाताऱ्यांना ठेवणारे घर कोणते, त्यात किती जण आहेत आणि एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची ओतूर ठाण्यातली यादी केव्हा अद्ययावत झाली, हे दोन प्रश्न विषयपत्रिकेवर यावेत म्हणून ग्रामसेवकाकडे आधी लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. मढ, पारगाव, करंजाळे अशा तीन-चार ग्रामसभांचे ठराव एकत्र मंचरच्या प्रांत कार्यालयात गेले, तर तिथल्या अधिकाऱ्यांना लेखी उत्तर द्यावे लागेल.